पायथन शिकताय? आधी ती लाल अक्षरे वाचा

पायथन शिकायला सोपी, असे सगळेच सांगतात आणि ते खोटे नाही. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणलेली ही भाषा वाचायला सुटसुटीतच आहे. तरीही नवशिका स्क्रीनवर लाल अक्षरे दिसली की ती न वाचताच कोड पुसून पुन्हा लिहितो, नाहीतर सगळे उचलून चॅटबॉटला चिकटवतो. माझ्या मते सुरुवातीची सर्वांत महागडी चूक हीच.

खरे तर एरर आली नाही तर जास्त घाबरायला हवे. 'इनपुट' वापरून दोन संख्या घ्या, दोन्ही वेळा ५ टाइप करा आणि बेरीज छापा. उत्तर १० नाही, ५५ येते! कारण 'इनपुट' जे देते ते कायम मजकूर असते आणि दोन मजकुरांमधले अधिकचे चिन्ह त्यांना नुसते एकमेकांना चिकटवते. आधी 'इंट'ने संख्या करून घ्यावी लागते. इथे पायथन गप्प बसतो. पण त्याच मजकुरात खरीखुरी संख्या १ मिळवायला जा, तो लगेच 'टाइपएरर' देऊन थांबतो. या दोघांत मदत कोणी केली?

हा संदेश खालून वर वाचायचा. शेवटच्या ओळीत काय बिघडले ते असते, तिच्या वर फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक. कंस बंद करायचा राहिला तर पूर्वी भलत्याच ओळीकडे बोट दाखवले जाई. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून कोणता कंस उघडाच राहिला तेही सांगितले जाते. आणखी एक गंमत. सरावाच्या फाइलला 'रँडम' नाव दिले, की पायथन मूळ रँडम मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उघडतो. ३.१३ पासून तर नाव बदलून पाहा, असा सल्लाही एररमध्येच मिळतो. तो वाचणार कोण?

क्लासवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात मुद्दाम बिघडवलेले पाच प्रोग्राम हातात द्यावेत. घरी शिकणाऱ्यांनी चालणाऱ्या कोडमधला एक कंस किंवा स्वल्पविराम काढून काय होते ते पाहावे. आणि चॅटबॉटला विचारायचेच असेल, तर 'दुरुस्त करून दे' म्हणू नका, 'ही शेवटची ओळ काय सांगते आहे' असे विचारा.