लष्करी जनित्र : धुण्याआधी आणि धुतल्यानंतर

अमेरिकी लष्कराने 'टॅक्टिकल क्वाएट' या कमी आवाजाच्या मालिकेतील डिझेल जनित्रांच्या जागी २०१० नंतरच्या दशकात कमी इंधन खाणारी 'ॲम्प्स' ही मालिका आणण्यास सुरुवात केली आणि जुने संच लिलावाच्या वाटेला लागले. संयुक्त अरब अमिरातीत शारजाच्या औद्योगिक विभागात, मुसफ्फात किंवा जबेल अलीच्या गोदामात असा संच उतरतो, तेव्हा तो आधी धुवायचा, मग रंगवायचा आणि गिऱ्हाईक दारात आल्यावर सुरू करून दाखवायचा, ही रीत व्यवसायात रुळण्याचा धोका आहे. या मासिकाच्या मते हा क्रम उलटा आहे, कारण संचावरील मळ हाच त्याच्या मागील आयुष्याचा एकमेव विश्वासार्ह दाखला असतो; तासमापक बदललेला असू शकतो, परंतु रेडिएटरच्या तळाशी वाळलेली कूलंटची रेघ किंवा एक्झॉस्टच्या सांध्यावरील ओलसर काजळी कोणी मुद्दाम रचत नाही.

ती काजळी विशेष पाहण्यासारखी असते. छावणीत मोठे जनित्र अनेकदा अगदी थोड्या भारावर रात्रंदिवस चालते; अशा वेळी सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, डिझेल पूर्ण जळत नाही आणि त्याचा काळा चिकट थर एक्झॉस्टच्या मार्गात साचतो, ज्यास 'वेट स्टॅकिंग' म्हणतात. हा दोष धुण्याने जात नाही, उलट झाकला जातो. तेल, कूलंट आणि वाइंडिंगचा इन्सुलेशन रोध तपासून झाल्यावर संच लोड बँकेला, म्हणजे कृत्रिम भार देणाऱ्या रोधकांच्या पेटीला, जोडून टप्प्याटप्प्याने सुमारे तीन-चतुर्थांश भारापर्यंत न्यावा आणि धूर निवळेपर्यंत चालवावा. कार्यशाळेतील दोन दिवे आणि एक पंखा लावून घेतलेली चाचणी ही केवळ आवाजाची चाचणी होय.

खरा प्रश्न मात्र वारंवारतेचा आहे, आणि तो खरेदीपूर्वीच विचारला गेला पाहिजे. 'टॅक्टिकल क्वाएट' मालिकेतील १५, ३० आणि ६० किलोवॅटच्या संचांना ५० व ६० हर्ट्झ यांपैकी एक निवडण्याची सोय असते. परंतु सर्वांत मागणी असलेला १० किलोवॅटचा 'एमईपी-८०३ए', ज्यात लिस्टर-पेटरचे चार सिलिंडरांचे इंजिन असते, तो मिनिटाला १८०० फेऱ्यांवर ६० हर्ट्झ देण्यासाठीच बांधलेला आहे. अमिरातीचे वीजजाळे ५० हर्ट्झचे आहे. वेग ठरवणाऱ्या गव्हर्नरची मर्यादा उतरवून फेऱ्या १५०० केल्या की वारंवारता जुळते, आणि पुण्याच्या खडकी-कोथरूडच्या इंजिनांवर हात बसलेल्या कारागिराला १५०० फेऱ्यांचा आवाज ओळखीचाही वाटतो, पण काम तेथे संपत नाही. तेवढ्याच चुंबकीय प्रवाहात २४० व्होल्टचे २०० व्होल्ट होतात. ते २३० पर्यंत चढवायचे तर प्रवाह सुमारे १५ टक्के वाढवावा लागतो, लोखंडी गाभा संपृक्ततेकडे सरकतो आणि उत्तेजन वाइंडिंग अधिक तापते. त्याच वेळी इंजिनावर फिरणारा पंखाही मंदावतो आणि थंड हवा सुमारे एक-षष्ठांशाने घटते. हा संच नावापेक्षा जास्त भार उचलतो अशी त्याची ख्याती आहे, पण ती ६० हर्ट्झवरची. केवळ तीनशे फेऱ्यांचा फरक आहे असे म्हणणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये दुपारी वाळवंटातील लिवाच्या शेतावर उभे राहून तापमानाचा काटा पाहावा. बदल केलेल्या अशा संचाला ८ किलोवॅटचीही लेखी हमी देणे धाडसाचे ठरेल.

बदलांमधील दुसरी बाब लहान, पण गंभीर आहे. या संचांच्या पटलावर 'बॅटल शॉर्ट' नावाचा खटका असतो. तो चालू केल्यास अतिवेग आणि शॉर्ट सर्किट वगळता बाकीची संरक्षक यंत्रणा, म्हणजे तेलाचा दाब घटल्यास किंवा कूलंट तापल्यास इंजिन बंद करणारी साधने, निष्प्रभ होतात. लढाईत इंजिन गमावूनही वीज टिकवणे योग्य असेल. खजुराच्या बागेतील पंपासाठी ते योग्य नाही. म्हणून संच नागरी ग्राहकाकडे जाण्यापूर्वी हा खटका विद्युतदृष्ट्या कायमचा तोडून टाकावा, नुसते झाकण चिकटवून भागवू नये. २४ व्होल्टची प्रणाली मात्र जशी आहे तशी ठेवावी. एका १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणण्याच्या खटपटीत स्टार्टर आणि नियंत्रणे दोन्ही बिघडतात.

धुताना पाण्याचा जोर अल्टरनेटरपासून दूर ठेवावा हे सर्वांना ठाऊक असते, पण किनाऱ्यावरील दमट रात्रही त्यात संथपणे ओलावा भरते, त्यामुळे धुतल्यावर इन्सुलेशन रोध पुन्हा मोजल्याविना संच बंद करून ठेवू नये. रेडिएटरमधील बारीक धूळ हवेच्या प्रवाहाच्या उलट दिशेने काढावी. रंगाबाबत अधिक सावधगिरी हवी: लष्करी पॉलियुरेथेन रंग, जो रासायनिक अस्त्रांचे द्रव शोषत नाही, तो घासला किंवा त्यावर वेल्डिंग केले की आयसोसायनेटयुक्त धूर निघू शकतो, आणि जुन्या अस्तरात विषारी क्रोमेट असण्याची शक्यता असते. कोरडे ग्राइंडिंग टाळावे आणि श्वसनाचा मुखवटा उकाड्याच्या सबबीवर काढू देऊ नये. ही सबब अमिरातीत सर्वांत सहज मिळते.

इंधनाचीही नोंद घ्यावी. लष्करात हे संच बहुधा रॉकेलवर्गीय जेपी-८ इंधनावर चालतात; येथे पंपावर मिळणाऱ्या कमी गंधकाच्या डिझेलवर ते आले की जुने रबरी सील गळतात का, हे पाहावे. टाकीच्या तळाशी पाण्यात वाढलेली सूक्ष्मजीवांची साय फिल्टरमध्ये ओढली जाण्यापूर्वीच टाकी रिकामी करून साफ करणे स्वस्त पडते.

वाहतुकीत ८०३ए अर्ध्या टनाहून थोडा जड असल्याने फोर्कलिफ्टने सहज उचलला जातो, तर ६० किलोवॅटचा संच पावणेदोन टनांहून अधिक भरतो. बांधणी स्किडच्या कड्यांनाच करावी, पत्र्याच्या आवरणावरून पट्टे आवळू नयेत. इंधन काढलेले आणि बॅटरीच्या तारा सोडवलेल्या असाव्यात. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास मनाई आहे, तेव्हा चढवण्या-उतरवण्याचे वेळापत्रक पहाटेभोवती आखावे, आणि लिलावाच्या वेळी दिलेली अंतिम वापराची हमीपत्रे संचासोबतच पुढील खरेदीदाराकडे द्यावीत, विशेषतः संच अमिरातीबाहेर पुन्हा निर्यात होणार असेल तेव्हा.