वीस टक्के कोणी मिळवले?

आपल्या सभांमध्ये इंडोनेशियाचे नाव निघते ते मुस्लिम लोकसंख्येच्या आकड्यासाठी. मला तो देश आठवतो तो शाळांच्या हिशोबासाठी.

21 मे 1998 रोजी सुहार्तो यांनी राजीनामा दिला. त्याआधी नऊच दिवस जकार्तात त्रिसक्ती विद्यापीठाचे चार विद्यार्थी गोळीबारात मारले गेले होते. ही गोष्ट सगळे सांगतात. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे कंटाळवाणी, कागदपत्रांची आहेत. त्यांच्याबद्दल कोणी भाषण करत नाही, पण माझ्या मते खरे काम तिथेच झाले.

सुहार्तोंच्या काळात सरकारी विचारसरणीचे वर्ग सक्तीचे होते. ते बंद झाले. मग जकार्तातल्या सरकारी इस्लामी उच्चशिक्षण संस्थेने, कुलगुरू अझ्युमर्दी अझ्रा यांच्या काळात, लोकशाही आणि मानवी हक्कांवर चर्चा घडवणारा नागरिकशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू केला. इस्लामी संस्थेने हे केले, याची नोंद आपण घ्यायला हवी.

2002 च्या घटनादुरुस्तीत सरकारी खर्चाचा किमान 20 टक्के वाटा शिक्षणाला द्यायचे ठरले. सरकार मात्र वर्षामागून वर्षे कमीच देत राहिले. शिक्षकांची संघटना नव्या घटना न्यायालयात गेली, पुन्हा पुन्हा गेली. 2008 मध्ये न्यायालयाने खडसावले आणि 2009 च्या अंदाजपत्रकात आकडा गाठला गेला. पण त्याच 2008 मध्ये शिक्षकांचे पगारही या 20 टक्क्यांतच मोजायचे, असाही निकाल आला होता. म्हणजे विजय अर्धाच. मला हा अर्धा विजयही मोठा वाटतो, कारण आता सरकारला हिशोब द्यावा लागतो.

याच काळात ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’च्या सरकारी शाळा आल्या. इंग्रजीवर भर आणि वर जादा फी. पैसेवाल्यांची मुले एकीकडे, बाकीची दुसरीकडे. पालक आणि कार्यकर्ते न्यायालयात गेले आणि जानेवारी 2013 मध्ये त्या शाळांचा कायदेशीर आधारच रद्द झाला. हा लढा एखाद्या जमातीच्या संस्थेसाठी नव्हता, सगळ्यांच्या सरकारी शाळेसाठी होता.

आपल्याकडे शिक्षणाची चर्चा बहुतेक वेळा ट्रस्टची मान्यता आणि अनुदान यांवर संपते. तेही हवेच. पण आपली बरीच मुले पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत बसतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तिथे शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत. शाळेला मिळालेले अनुदान कसे खर्च होते, हे पाहण्याचा अधिकारही त्या समितीला आहे.

तुमच्या मोहल्ल्यातल्या शाळेच्या समितीत कोण कोण आहेत? शेवटची बैठक कधी झाली? या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटून विचारा आणि काय उत्तर मिळाले ते आम्हाला लिहून कळवा.