तुटक्या वस्तूचा खरा भाव

आमचे मामा जुनी नाणी जमवतात. २००३ साली दर रविवारी ते गावातल्या सायबर कॅफेत जाऊन बसत, तासाचे पैसे मोजत आणि संगणकावरच्या लिलावात एखाद्या नाण्यावर बोली लावून घरी येत. निकाल लागेपर्यंत त्यांचे चित्त थाऱ्यावर नसे. आज सारा बाजार त्यांच्या खिशातल्या फोनवर आहे, पण ते म्हणतात, "ती मजा गेली रे! तेव्हा समोर माणूस होता, आता नुसते दुकान आहे."

जुन्या पिढीचे असले उसासे आपण विद्यार्थी हसण्यावारी नेतो. मीही तेच केले असते. पण अर्थशास्त्राच्या तासाला लिलावाचा विषय निघाला, त्यानिमित्ताने थोडे वाचले आणि माझे मत बदलले. पूर्ण नव्हे, निम्मे!

सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार या तरुणाने कॅलिफोर्नियात 'ऑक्शनवेब' सुरू केले. १९९७ पासून जग त्याला 'ईबे' म्हणून ओळखू लागले. तिथे विकल्या गेलेल्या पहिल्या वस्तूंपैकी एक म्हणजे ओमिड्यार यांचाच मोडका लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला! 'तो मोडका आहे, हे तुम्हाला कळले ना?' असे त्यांनी विचारले, तेव्हा 'मी मोडकेच जमवतो,' असे गिऱ्हाइकाने कळवले. मला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. दोष लपवला नाही, तरी वस्तूला भाव आला.

त्या काळी पैसे टपालाने जात. घेणारा चेक किंवा मनिऑर्डर पाठवी, चेक वटला की विकणारा पार्सल बांधी. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसे. मग विश्वास ठेवायचा कशाच्या आधारावर? फेब्रुवारी १९९६ मध्ये ओमिड्यार यांनी त्यावर तोड काढली. व्यवहार झाल्यावर दोघांनी एकमेकांविषयीचा अभिप्राय उघडपणे, सर्वांना दिसेल असा लिहायचा. जुने लोक 'माणूस होता' म्हणतात तो हाच. नाव सांभाळणे हेच तेव्हाचे भांडवल होते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. पूर्वी आपल्याकडे बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवत, आणि ज्याचा माल, त्या शेतकऱ्यालाच त्याचा पत्ता नसे. ही 'हत्ता' पद्धत बंद पाडून बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला, तो याच विचाराने. व्यवहार चारचौघांत झाला की लबाडीला जागा कमी उरते.

मात्र आठवणींवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ओमिड्यार यांनी आपल्या वाग्दत्त वधूला पेझ गोळ्यांच्या डब्या जमवता याव्यात म्हणून ईबे काढले, ही गोड कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. ती प्रसिद्धीसाठी रचलेली होती, हे २००२ साली एका पुस्तकातून उघड झाले. आणि आमच्या मामांचे काय? एकदा त्यांना नकली नाणे आले. त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. विकणाऱ्याने उलट मामांनाच 'खोटारडे' ठरवून सूड उगवला. मामा म्हणाले, "पैसे गेल्याचे दुःख नाही, नाव गेले." ज्या दिवसांसाठी ते हळहळतात, त्याच दिवसांनी त्यांना हा चटका दिला होता!

असल्या सुडाच्या भीतीने गिऱ्हाइके खरे लिहीनाशी झाली. म्हणून २००८ साली ईबेने विकणाऱ्याचा गिऱ्हाइकाविरुद्ध वाईट अभिप्राय लिहिण्याचा हक्क काढून घेतला. नियम न्याय्य होता, हे मी मान्य करतो. पण त्याबरोबर घेणाऱ्याची जबाबदारीही हलकी झाली. पुढे तर ठरलेल्या किमतीचा नवा माल वाढला आणि लिलाव मागे पडला. मुंबईत २००० साली निघालेली 'बाझी डॉट कॉम' ईबेने २००४ साली घेतली; भारतातले ते ईबेही २०१८ साली बंद झाले.

मग माझे मत काय? फसवणुकीपासून संरक्षण हवेच. त्यासाठी जुने दिवस परत आणण्याची गरज नाही. पण संरक्षण मिळाले म्हणजे सचोटी आपोआप येते, हा आपला भ्रम आहे. आज आपण जेवणाला, रिक्षाला, पुस्तकाला न पाहता पाच तारे देऊन टाकतो. असल्या अभिप्रायाला मोल ते काय? मामांचे ते एक कडू वाक्य त्यांना महाग पडले, पण खरे होते.

म्हणून मित्रहो, एक साधी सूचना करतो. परीक्षा संपल्यावर आपली जुनी पुस्तके रद्दीत जातात. त्याऐवजी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात एक दिवस त्यांचा लिलाव करू या. अट एकच: प्रत्येक पुस्तकावर चिठ्ठी लावायची आणि कोणते पान फाटले आहे, कुठे शाई सांडली आहे, ते विकणाऱ्याने स्वतःच्या हाताने, सहीनिशी लिहायचे. घेणाऱ्यानेही शब्द फिरवायचा नाही. भाव थोडा कमी येईल, येवो. प्राध्यापकांनी परवानगी दिली, तर पहिले पुस्तक माझे. त्याची शेवटची चार पाने गहाळ आहेत, हे आताच सांगून ठेवतो.