पॅकेज पास, नेटवर्क नापास

टेलिकॉममधल्या मराठी मंडळींनो, तुम्ही न्यू जर्सीत असा, डॅलसला असा की दुबईत, एक गोष्ट आता मान्य करा. ओनॅपच्या तपासणीतून पॅकेज सुटलं की फंक्शन तयार झालं, असं आपण एकमेकांना सांगतो ते खोटं आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: फायरवॉल, राउटर या पूर्वी महागड्या पेट्या असत. २०१२ साली मोठ्या टेलिफोन कंपन्यांनी श्वेतपत्रिका काढून सांगितलं, की पेटी नको, सॉफ्टवेअर द्या, आम्ही साध्या सर्व्हरवर चालवू. २०१७ साली एटी अँड टीचं ईकॉम्प आणि ओपन-ओ एकत्र करून लिनक्स फाउंडेशनकडे ओनॅप उभं राहिलं. फंक्शन कोणाचंही असो, ते उभं करणं, वाढवणं, सावरणं आपोआप व्हावं, हा हेतू. चांगलाच होता.

आणि आपण काय केलं? पेटीतलं जुनं सॉफ्टवेअर तसंच्या तसं व्हर्च्युअल मशीनमध्ये कोंबलं, वर हीट टेम्प्लेट चिकटवलं, सबमिट! टेम्प्लेट तपासणारी स्क्रिप्ट बघते काय? यामल फाइलला जोडीची एन्व्हायर्नमेंट फाइल आहे ना, पॅरामीटरची नावं ठरल्याप्रमाणे आहेत ना. ते बघायलाच हवं. पण व्हिसाचा फॉर्म बिनचूक भरला म्हणून कोणी विमानात बसतं का? मशीन मध्येच मेलं तर चालू कॉलचं काय होतं, नव्या प्रतीला कॉन्फिगरेशन कोण देतं, बिघाडाची खबर वर पोचते का, हे टेम्प्लेट वाचून कळत नाही.

ओनॅपचं गाजलेलं फायरवॉलचं प्रात्यक्षिकच घ्या. पॅकेट वाढले की यंत्रणा पॅकेट पाठवणाऱ्यालाच सांगते, कमी पाठव. शिकवायला झकास. खऱ्या जगात हल्ला करणारा इतका आज्ञाधारक भेटला, तर मला जरूर कळवा.

तुम्ही म्हणाल, मुदत असते, ग्राहक फक्त रिपोर्ट मागतो. मागू दे की. रिपोर्ट लिहितो कोण? आणि 'पास' लिहिलेलं फंक्शन कोसळतं तेव्हा जागरण पुण्यातल्या टीमचं होतं. ९११ लावून ताटकळणाऱ्याला तर पॅकेज म्हणजे काय हेही ठाऊक नसतं.

तेव्हा सबमिट करण्याआधी चालू ट्रॅफिकमध्ये एक मशीन स्वतःच्या हाताने बंद करा. जे होईल ते रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहा. मॅनेजर ते पान काढायला सांगेल. का काढायचं, ते त्याच्याकडून लेखी मागा.