सवय नक्की कुणाला होते?

मुलांनो, "फार औषधं खाल्ली, आता अंगाला सवय झाली, लागूच पडत नाहीत," असं मोठ्या माणसांना बोलताना तुम्ही ऐकलं असेल. आमच्या चौथीच्या वर्गातही परवा एकानं हेच ठासून सांगितलं. पण अँटिबायोटिकच्या बाबतीत गंमत अशी, की सवय अंगाला होत नाही. बदलतो तो जिवाणू!

कसा? आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जिवाणू राहतो. सगळं मनासारखं मिळालं, तर तो दर २० मिनिटांनी एकाचा दोन होऊ शकतो. शाळा ११ ला भरली आणि ६ ला सुटली, तर तेवढ्यात एकाचे किती होतील? वहीत मांडून बघा. (उत्तर : २०,९७,१५२.) एवढ्या नकला उतरवताना चुका होणारच. त्यातला एखादा चुकून असा निपजतो, की औषधाला दाद देत नाही. औषधानं बाकीचे मरतात आणि त्याला रान मोकळं! शिवाय हा पठ्ठ्या आपली युक्ती शेजारच्या जिवाणूलाही देतो, अगदी वर्गात चिठ्ठी सरकवावी तशी. या चिठ्ठीला प्लाझ्मिड म्हणतात. शेजारी दुसऱ्या जातीचा असला, तरी पुष्कळदा चालतं.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच, नोबेल पारितोषिकाच्या भाषणात, औषध अपुरं घेतलं तर जिवाणू त्याला पुरून उरतील, असा इशारा दिला होता. पुढे पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जिवाणूंसाठी १९५९ मध्ये मेथिसिलिन आलं. आणि १९६१ मध्ये इंग्लंडमधून बातमी आली, की त्यालाही न जुमानणारे जिवाणू सापडले. जेमतेम दोन वर्षं!

असे जिवाणू रुग्णालयात जास्त का? तिथे अँटिबायोटिक भरपूर वापरावीच लागतात, म्हणजे साधे जिवाणू मरतात, हट्टी उरतात. आणि आजारी माणसं जवळजवळ असतात. कुणाला ऑपरेशनची ताजी जखम, कुणाच्या हातात सलाइनची सुई. जिवाणूला आत शिरायला दार उघडंच. एका खाटेवरून दुसरीवर तो बहुतेक वेळा जातो हातांवरून. म्हणून ज्यानं आयुष्यात अँटिबायोटिकची एक गोळीही घेतलेली नाही, त्यालाही हा हट्टी जिवाणू गाठू शकतो. चार दिवसांच्या तान्ह्या बाळालासुद्धा. त्या बाळाच्या अंगाला कसली हो सवय? २०१९ या एका वर्षात जगभरात अशा जिवाणूंमुळे सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आजीला भेटायला दवाखान्यात गेलात, तर आत जाताना आणि बाहेर येताना साबणानं हात धुवा. खाटेवर बसू नका, जखमेच्या पट्टीला हात लावू नका. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, आजीला चिठ्ठी लिहून पाठवा. (ही चिठ्ठी चालेल!)

आईबाबांनाही एक विनंती. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. तेव्हा मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या परस्पर देऊ नका. अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही, असा तिचा अर्थ. मुलांनो, आज घरातला औषधांचा डबा आईसमोर उघडा आणि अशा किती रेघा सापडतात, ते मोजा.