थंडीची रात्र आणि संप्रेरकाची बाटली

गिरगावातील एखाद्या बिऱ्हाडात केळी फ्रिजमध्ये ठेवली, तर थोड्याच दिवसांत त्यांची साल काळवंडते. तेथे पाण्याचा बर्फ झालेला नसतो. तापमान केवळ १३ अंशांच्या बरेच खाली उतरलेले असते. उष्ण प्रदेशातील या पिकाला थंडीसाठी स्वतःची तयारी करता येत नाही. मुंबईत हा प्रश्न घरापुरताच राहतो. सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नीचांकी नोंद झाली, पण समुद्रालगतच्या गिरगावात पारा तितकाही उतरत नाही. मात्र गिरगावात विकली जाणारी द्राक्षे ज्या नाशिक जिल्ह्यातून येतात, त्यातील निफाड येथे डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तापमान २ अंशांच्या खाली गेले होते.

अशा रात्रीच्या तोंडावर बागायतदार गावपातळीवरील कार्यकर्त्याला विचारतो, “आता काय फवारावे?” प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो महिनाभर उशिरा विचारलेला असतो. थंडी सोसण्याची संप्रेरके वनस्पती स्वतःच तयार करते, आणि त्यांचे काम एका रात्रीत उरकत नाही.

गोठणाऱ्या थंडीत पहिला बर्फ बहुधा पेशीच्या आत होत नाही, तर पेशींमधील मोकळ्या जागेत होतो. हा बर्फ पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो. म्हणजे पानावर दव असूनही आतील पेशी तहानेने मरते! म्हणूनच अवर्षणात उपयोगी पडणारे अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक थंडीतही कामास येते. १९६० नंतरच्या काही वर्षांत कापसाच्या बोंडांवरील संशोधनातून त्याची ओळख पटली. ते पर्णरंध्रे मिटवते, वाढ आवरते, आणि पेशीत शर्करा, प्रोलिन व काही विशिष्ट प्रथिने साठविण्याची आज्ञा देते. या साठ्यामुळे पेशीचे पातळ आवरण फाटण्यापासून वाचते. हे एकट्या त्या आम्लाचे काम मात्र नव्हे. थंडी जाणवताच पेशीत दुसरीही यंत्रणा चालू होते व ती जिबरेलिनचे प्रमाण घटवते. गव्हाची रोपे शून्याच्या थोड्या वरच्या तापमानात काही आठवडे राहिली, तर पुढे गोठणारी थंडी सोसतात; उबेतून एकदम थंडीत गेलेली रोपे त्याच थंडीत मरतात.

जिबरेलिन हे नाव द्राक्ष बागायतदारास नवे नाही. भाताची रोपे वेड्यासारखी उंच वाढविणाऱ्या एका बुरशीतून जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधले. आज घडाची व मण्यांची लांबी वाढविण्यासाठी ‘जीए’ म्हणून त्याचा सर्रास वापर होतो. ते वाढीचे संप्रेरक आहे, आणि थंडीपूर्वी वनस्पती नेमकी वाढच थांबवू पाहते.

येथेच महाराष्ट्रातील द्राक्षशेतीची खरी अडचण आहे. युरोपात हीच वेल पाने गाळून झोपी जाते आणि तिचे डोळे उणे १५ अंशांच्या आसपासची थंडीही सोसतात. नाशिककडे ऑक्टोबरच्या छाटणीने आपण तिला जागे करतो. ऐन पौषात तिच्या अंगावर कोवळी फूट व वाढते मणी असतात. अशी हिरवी फूट शून्याच्या एक-दोन अंश खालीच जळते. वेल तीच, पण अवस्था निराळी. घड लागलेल्या वेलीला झोपविता येत नाही, हे मान्य केले पाहिजे.

तरीही पुष्कळ काही आपल्या हाती उरते. नत्राचा जादा हप्ता देऊन डिसेंबरात काळोखी आणलेली बाग पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सुखावते, पण ती थंडीला सर्वांत आधी बळी पडते. यावर बागायतदार म्हणेल की नत्र आवरले तर मणी फुगणार नाहीत. ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणून नत्र बंद करणे नव्हे, तर पानदेठ परीक्षणानुसार देणे हाच मार्ग योग्य. ढगाळ, उबदार आठवड्यानंतर आकाश एकाएकी निरभ्र झाले व वारा पडला, तर विशेष सावध राहावे, कारण तेव्हा वेलीची काहीच तयारी झालेली नसते.

बाटल्यांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. अ‍ॅब्सिसिक आम्ल व सॅलिसिलिक आम्ल यांच्या फवारणीने काही पिकांची थंडी सोसण्याची शक्ती वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. परंतु मात्रा, पिकाची अवस्था व वेळ यांवर सारे अवलंबून असते, आणि अ‍ॅब्सिसिक आम्ल तर वनस्पतीत लवकर निकामी होते. ‘थंडीपासून संरक्षण’ एवढेच लिहिलेल्या व घटकांचे नाव न सांगणाऱ्या बाटलीची शिफारस कार्यकर्त्याने करू नये. शेतकऱ्याने ती आणलीच, तर निदान दोन ओळी न फवारता सोडण्यास सांगावे. थंडी ओसरल्यावर त्या दोन ओळी व उरलेली बाग यांत काय फरक पडला, ते त्यालाच दिसेल.

त्या रात्रीपुरता उपाय मात्र जुनाच आहे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व पहाटे ती सोडते, आणि विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते. म्हणून पहाटे तीनच्या सुमारास ठिबक चालू करावे. वीज त्या वेळी मिळेल की नाही, याची चौकशी मात्र आदल्या दिवशीच करून ठेवावी.