परतीचें धैर्य

गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरीं एक लहानसें वादळ झालें. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवानें, वय वर्षें चोवीस, एके रात्रीं पानावर बसल्या बसल्या जाहीर केलें कीं, तीन आठवड्यांची रजा काढून आपण मोटारसायकलीवर पुण्याहून लेहला जाणार. बरोबर तंबू, स्टोव्ह व थोडा शिधा. सोबती कोणी नाहीं. त्याच्या मातोश्रींच्या हातांतील आमटीची पळी तेथेंच थांबली. “एकटा?” एवढेंच त्या बोलल्या.

घरच्या रिवाजाप्रमाणें निकालासाठीं प्रकरण आमच्याकडे आलें. पस्तीस वर्षें आम्ही मुलांच्या तोंडी परीक्षा घेतल्या; तशी याचीही घेतली. त्यानें आमच्यासमोर अंगणांत मागचें चाक उतरवून पंक्चर काढून दाखविलें, क्लचची तार बदलली, आणि एका पावसाळी रात्रीं गच्चीवर तंबू ठोकून त्यांत कोरडा निजला. आम्हीं त्यास उत्तीर्ण केलें व भावजयीस शब्द दिला कीं, मुलगा विचारी आहे, काळजी नसावी.

आमच्या या अनुकूलतेस आणखी एक कारण होतें. रॉबर्ट एडिसन फुल्टन नांवाच्या अमेरिकन तरुणाची हकीकत आम्हीं पूर्वीं वाचली होती. वास्तुशास्त्र शिकलेला हा तेवीस वर्षांचा गृहस्थ १९३२ सालीं लंडनहून डग्लस मोटारसायकलीवर एकटा निघाला, तो तुर्कस्तान, इराक, अफगाणिस्तान, हिंदुस्थान, चीन व जपान पाहून १९३३ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं न्यूयॉर्कास पोहोंचला. १९३७ सालीं त्यानें या प्रवासावर ग्रंथ लिहिला, आणि पुढें रस्त्यावर चालणारें व आकाशांत उडणारें असें एक वाहनही बनविलें. ज्यास एकटें राहतां येतें त्यासच स्वतंत्र विचार करतां येतो, असा सिद्धांत आम्हीं त्यावरून काढला, आणि पुतण्याच्या प्रस्थानानंतर तो वाचनालयांतील मंडळींस दोनदां ऐकविला.

मनालीपर्यंतचे सुमारें दोन हजार किलोमीटर निर्विघ्न झाले. तेथून पुढें पूर्वीं रोहतांगचा घाट चढावा लागे. २०२० पासून त्या डोंगराच्या पोटांतून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा झाला आहे. घाट टळला, परंतु पुढची उंची टळत नाहीं. जिस्पा हें गांव सुमारें साडेदहा हजार फुटांवर, तर त्यापुढील बारालाचा खिंड सोळा हजार फुटांवर. तेथें हवेंत प्राणवायूचा हिस्सा आपल्याकडे असतो तितकाच, शेंकडा एकवीस. पण हवेचा दाबच निम्म्याहून थोडा अधिक उरल्यामुळें प्रत्येक श्वासांत तो कमी मिळतो. म्हणून वैद्यांचा नियम असा कीं, दहा हजार फुटांच्या वर निजण्याची जागा रोज सुमारें दीड हजार फुटांहून अधिक चढवूं नये. डोकें दुखून ओकारी आली तर चढणें थांबवावें; विकार वाढल्यास खालीं उतरावें, तेंच खरें औषध.

जिस्प्याहून त्यानें कळविलें, “आतां दोन-तीन दिवस फोन लागणार नाहीं.” त्यामुळें दुसऱ्याच दिवशीं सायंकाळीं घंटा वाजली तेव्हां आमची छाती धडधडली. “अण्णा, मी परत फिरलों,” तो म्हणाला. झालें होतें तें असें: दुपारच्या उन्हानें बर्फ वितळून वाटेवरील ओढा फुगला होता. असे ओढे पहाटे ओलांडावयाचे असतात, म्हणून त्यानें अलीकडेच, चौदा हजार फुटांच्या आसपास, तंबू ठोकला. रात्रीं डोकें फुटूं लागलें, दोनदां ओकारी झाली. पहाटे ओढा उतरला, वाट मोकळी झाली, खिंड समोर दिसत होती. त्यानें तंबू गुंडाळला आणि मोटारसायकल उलट फिरविली. जिस्प्यास पोहोंचेपर्यंत दुखणें ओसरलें होतें.

भावजयीनें फोन हातीं घेऊन विचारलें, “जेवलास का?”

दोष त्याचाच होता. त्यानें रजेचे दिवस मोजले, उंचीची चढती पायरी मोजली नाहीं. जिस्प्यास एकच रात्र राहिला. आम्हीं परीक्षा घेतली खरी, पण तींत हा प्रश्न विचारलाच नव्हता. जिस्प्यास दोन दिवस विश्रांति घेतल्यावर रजेचा हिशेब संपला, आणि लेह न पाहतांच तो घरीं आला.

वाचकहो, येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. मुलगा सुखरूप आहे असें कळल्यावर आमच्या मनांत आलेला दुसरा विचार असा कीं, आतां वाचनालयांत काय सांगावें? ज्याच्या विचारीपणाची आम्हीं ग्वाही दिली, त्यानें विचारीपणा दाखवितांच आम्ही हिरमुसलों. शेजारचे एक गृहस्थ म्हणालेच, “एवढा प्रवास करून हात हालवीत आला!” आम्ही त्यांस उत्तर देऊं शकलों नाहीं, कारण त्यांचें वाक्य थोडेंसें आमचेंही होतें. रात्रीं पुतण्यानें हंसत विचारलें, “अण्णा, वाचनालयांत काय सांगितलेंत?” तेव्हां मात्र आम्हांस लाज वाटली.

समोर खिंड दिसत असतां, अडविणारा किंवा शाबासकी देणारा कोणी जवळ नसतां, आजारी डोक्यानें बरोबर निर्णय घेणें, ही परीक्षा आमच्या अंगणांत घेतां आली नसती. एकट्याच्या प्रवासाचें मोल असेल तर तें येथें आहे. मंडळींत असता तर कदाचित् लाजेनें पुढें गेला असता. दुसऱ्या दिवशीं आम्हीं वाचनालयांत जाऊन सर्व हकीकत जशीच्या तशी सांगितली, आमच्या हिरमुसण्यासह.

भावजयीनें तंबू धुऊन गच्चीवर वाळत घातला होता. संध्याकाळीं त्याची घडी घालतां घालतां त्या मुलास म्हणाल्या, “पुढल्या वर्षीं जिस्प्यास तीन रात्रीं राहा.”